ठमीनं उपाशी ठेवलेलं जनावर

ठमी निवांत बसलीय असं आमच्या पाड्यात कुणी सांगितलं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी तिला ताप आलाय का ते विचारलं असतं. जेवायलाही ती उकिडवीच बसायची, ताट संपायच्या आत उठता यावं अशी. तिचा दीर रामा तिला तोंडावर वावटळ म्हणायचा. ती चिडायची नाही. "वावटळीला कुणी गाडीत बसवत नाय, तिची ती जाते," म्हणायची आणि निघायची.

नागझरीच्या पुढं जमीन हळूहळू चढते, साग दाट होतात, आणि रस्ता जिथं आपला आपण थकून थांबतो तिथं आमचा पाडा आहे. पावसावर पिकणारे भाताचे तुकडे, वरच्या उताराला नागली-वरी, कुडाच्या कुंपणावर वेल. एवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून माणसं खाली उतरतात. ठमी सगळ्यांत आधी उतरायची आणि सगळ्यांत लांब जायची. गवत कापायला, वैतरणेच्या खाडीवर रेती भरायला, चिंचणीच्या वाड्यांत चिकू वेचायला, वसईकडं वीटभट्टीवर. नवरा बुधा तरणाच गेला. पोर दीपा तेव्हा कडेवर होती, आणि कडेवरच मोठी झाली म्हटलं तरी चालेल. एका ठिकाणचं काम सरायच्या आत ठमीचे डोळे पुढच्या वाटेला लागलेले असायचे. तिच्या चालण्यात घाई नव्हती; थांबणं मात्र नव्हतं. पाण्याला उतार कळावा तशी तिला वाट कळायची.

अशा बाईला या भादव्यात बोईसरजवळच्या सालवडच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत, बसून राहावं लागलं.

दीपाला दिवस गेले होते. बोईसरच्या कारखान्यात ती गोळ्यांची पाकिटं भरायची. ते काम सुटलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, डाव्या कुशीवर पडून राहायचं, जिना उतरायचा नाही, बादली उचलायची नाही, आणि हिला एकटीला सोडायचं नाही. जावई रूपेश सुताच्या कारखान्यात पाळीवर जायचा. तो दाराबाहेर पडला की खोलीत दोघीच उरायच्या, मायलेकी. आणि दोघींच्या मधे, खाटेच्या काठावर तिसरं माणूस बसावं तशी, दोन वर्षांपूर्वीची एक गोष्ट बसलेली असायची.

ती गोष्ट अशी. आमच्या पाड्यात जे नवं येतं ते तसंच तोंडात घालत नाहीत. काकडी असो, लवकर पिकणारं हळवं भात असो, कुळातला मोठा पुरुष ते आधी कणसरीला दाखवतो. कणसरी म्हणजे धान्याची माय. तिच्यापुढं पान मांडून तो नाव घेतो, पहिला घास खातो, मग घर खातं. याला नवं करणं म्हणतात. ते होईस्तोवर वेल लगडून वाकला तरी लेकरांनीसुद्धा हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी दीपा असंच पोट घेऊन पाड्यावर आली होती. दुपारची वेळ, ऊन तापलेलं, पोटात मळमळ. कुंपणावरच्या वेलाची एक कोवळी काकडी तिनं तोडली आणि उभ्या उभ्या खाल्ली. नवं व्हायचं होतं. रामानं पाहिलं आणि हसून सोडून दिलं. ठमीनंही पाहिलं, पण हसली नाही. पुढच्या महिन्यात बोईसरच्या दवाखान्यात दीपाचं बाळ गेलं. ठमी धावत पोहोचली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, लेकीकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "वेलाची काकडी." मग तांब्या घेऊन पाणी आणायला गेली.

त्यानंतर दीपा पाड्यावर आली नाही. ठमी सालवडला यायची, भाजीची जुडी दारात ठेवायची, उभ्यानं चहा प्यायची आणि परत फिरायची. त्या दोन शब्दांवर ना लेक काही बोलली, ना आई.

आणि आता पुन्हा भादवा होता. पाड्यावर नवं करायचे दिवस आले होते. दर वर्षी ठमी कुठंही असली तरी नव्याला परतायची. यंदा जावं तर लेक एकटी पडते. न जावं तर जन्मात पहिल्यांदा नवं चुकतं. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तिच्या पायांनी सांगितलं.

ते पाय खोलीत मावेनात. ती पाण्याची कळशी भरून आणायची, मग भरलेली कळशी ओतून पुन्हा भरायला जायची. केर काढलेल्या जागी पुन्हा केर काढायची. गॅलरीत उभी राहून कारखान्यांच्या चिमण्यांकडं बघायची. भोंगा झाला की दचकून आत यायची, जणू तिलाच बोलावलंय. वाऱ्यासोबत कधी खाडीचा वास यायचा, कधी औषधाचा, कधी दोन्ही एकमेकांत मिसळून.

खालच्या मजल्यावर अर्चना राहायची, सांगोल्याकडची. तिचा नवरा तारापूरला वीजकेंद्रात कामाला. ती एकदा जिन्यात अडवून म्हणाली, "मावशी, पायऱ्या झिजवाल तुम्ही. आम्ही चढायचं कशावरनं?"

"झिजू दे. मालक नव्या बसवंल."

"मालक? त्यो बल्ब बसवीना, पायऱ्या बसवतोय व्हय. या की आत, टेका जरा."

"टेकले का उठवत नाय," म्हणत ठमी वर गेली आणि वर जाऊन पुन्हा खाली आली.

दीपा हे सगळं कुशीवर पडून ऐकत होती. तिच्या हातात मोबाईल असायचा. रूपेशनं त्यावर एक गेम घालून दिला होता, बायकोचा वेळ जावा म्हणून. त्यात एक जीव होता. आधी तो पाण्यातला ठिपका असतो, खातो, वाढतो, मग त्याला आपण अवयव लावायचे, आणि मग तो पाण्यातून जमिनीवर येतो. रूपेश त्याला किड्याचा गेम म्हणायचा.

एका सकाळी ठमीनं तिसऱ्यांदा भांडी घासायला काढली तेव्हा दीपा म्हणाली, "आये, ती भांडी ठेव. माझे डोळे दुखतात. हे जरा तू चालव."

"मला नाय येत असला मोबाईल."

"चूल पेटवायला बोट लागतं ना? तेवढंच बोट. इथं ठेवायचं आन् सरकवायचं."

ठमीनं हात लुगड्याला पुसले. मोबाईल तिनं अंडं धरावं तसा दोन्ही तळव्यांत धरला. काचेच्या आत हिरवट पाणी होतं, आमच्या डोहाला शेवाळ आल्यावर असतं तसं. त्यात एक टिकलीएवढा जीव. बोट सरकवलं की तो सरके.

"हा कोण?"

"हा तूच."

"मी? येवढी?"

"सगळेच पयले येवढेच असतात, असं ह्यात हाय. ते हिरवं दिसतंय ते खा. तो मोठा येतोय त्याच्यापासून पळ."

पळायला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ठमीचं बोट असं पळालं की दीपा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मोठे जीव सावल्यांसारखे बाजूनं जायचे, ठमी श्वास रोखायची, आणि ते गेले की तोंडानं सुस्कारा सोडायची. हिरवा कण जवळ आला की जिवाचं तोंड आपोआप उघडायचं. पाण्यात हे चालायचं. पाण्यातलं खाणं कुणी पेरलेलं नसतं, त्याचं नवं करायचं नसतं.

मग जीव वाढला, पाणी बाजूला झालं आणि एक पांढरं पान उघडलं. मधे तो जीव मातीच्या गोळ्यासारखा, आणि कडेला रांगेनं तोंडं, डोळे, पाय, शिंगं, शेपट्या. ठमी कितीतरी वेळ नुसती बघत राहिली. बाजारात कोंबडीचे पाय वेगळे विकायला ठेवतात, तसं तिला ते वाटलं असावं. पुढं बरेच दिवस ती त्याचं वर्णन करायची तेव्हा नाक मुरडायची.

"हे कुणी ठेवलं?"

"गेमवाल्यानं. आता तू लाव. कसा पायजे तसा बनव."

"मी बनवू? मंग देव काय करल?"

"देव आज सुट्टीवर. लाव तू."

आधी तिनं तोंडं बघितली. एक पाला खाणारं, एक मांस खाणारं, एक दोन्ही खाणारं. तिनं दोन्हीचं घेतलं. "आपल्यासारखा. भाजी मिळाली तं भाजी, खेकडा मिळाला तं खेकडा." डोळे दोन पुढं लावले आणि एक उचलून पाठीला लावला. दीपा म्हणाली तिथं डोळा लावत नाहीत. "रानात मागून येणाऱ्याला बघायला नको?" ठमी म्हणाली, आणि तो डोळा तिथंच राहिला. अंगाला रंग द्यायचा होता. पट्टे दिसले, पिवळ्यावर काळे. त्यावरून तिनं बोट झटकन उचललं. ते अंग ज्याचं आहे त्याचं नाव आमच्याकडं रानात घेत नाहीत. तिनं मातीचा रंग दिला.

पायांशी मात्र ती अडली. पायांचे किती प्रकार होते. जाड, बारीक, खुरांचे, नख्यांचे. तिचं बोट त्यांच्यावरून फिरत राहिलं.

"लाव की. पायांशिवाय जमिनीवर कसा जाईल?"

"पाय दिले का हा घरी ऱ्हायचा नाय," ठमी म्हणाली.

खोलीत पंखा कुरकुरत होता. मग ठमीनं चार पाय लावले, बारीक पण लांब; एकदा द्यायचेच तर चालणारे द्यावेत.

जीव पाण्यातून बाहेर आला. ओल्या मातीवर चार पावलं टाकली, थांबला, आणि पाठीवरचा डोळा मिटून उघडला. मागं समुद्र, पुढं रान. गवत हलत होतं. रान असं होतं की त्यात साग नव्हता, पळस नव्हता, ओळखीचं एक पान नव्हतं, आणि तरी ते रान होतं. ठमीचे डोळे मोठे झाले. सालवडच्या त्या खोलीत, जिथून एक झाड दिसत नाही, तिला अचानक तळहातावर चालायला जागा मिळाली. ती चालत सुटली. टेकडी चढली, उतरली, ओढ्याच्या काठानं गेली. चहा निवला. दीपानं सांगितलं जेवून घे. तिनं ऐकलं नाही. खोलीतले पाय पहिल्यांदा स्थिर होते. बोट मात्र सारखं चालत होतं.

कोपऱ्यात एक पट्टी होती. आधी ती हिरवी होती, मग पिवळी झाली.

"आये, त्याला भूक लागलीय. बघ, ते झाड. लाल फळं आहेत. त्याच्याखाली उभं कर आन् दाब."

ठमीनं त्याला झाडाखाली नेलं. फळं टपोरी होती, फांदी वाकली होती. जिवानं मान वर केली. तोंड उघडलं. ठमीनं बोट उचललं.

"दाब ना."

"ह्या रानातलं पयलं फळ हाय हे."

"मंग?"

"नवं केल्याबिगर कसं खावं?"

दीपा कुशीवरून किंचित उठली. आईचा चेहरा बघितला. थट्टा नव्हती. ठमी त्या झाडाकडं आमच्या कुंपणावरच्या वेलाकडं बघावं तशी बघत होती.

"आये, हा गेम हाय."

"असंल. पण रान तं रानच ना."

"नवं कोण करंल तिथं?"

"त्याच्या कुळातला मोठा असंल की कुणीतरी. बघते शोधून."

आणि ती शोधायला निघाली. उपाशी जीव घेऊन ती रानातून फिरत राहिली. वाटेत दुसरे प्राणी भेटले. एक काटेरी होता, तो अंगावर आला, ठमी पळाली. एक कळप होता, लांब मानेचा. त्यांच्यातल्या सगळ्यांत थोराड प्राण्यापुढं तिनं आपल्या जिवाला उभं केलं, अदबीनं, थोडं अंतर राखून. त्यानं बघितलंही नाही. रस्त्यावरच्या दगडाला वळसा घालावा तसा तो कळप तिच्या जिवाला वळसा घालून गेला. "हे आपल्यातले नाय," ठमी पुटपुटली आणि पुढं चालली. पट्टी लाल झाली. जीव हळू चालायला लागला. त्याचे लांब पाय अडखळायला लागले.

"आये, खाऊ दे त्याला. मरंल तो."

"जरा थांब. त्या टेकाडापल्याड कुणी असंल."

"कुणी नाय पल्याड. त्याला कूळ नाय, आये. तो एकटाच हाय. हे बनवलंच तसं हाय."

टेकाडापल्याड पोहोचायच्या आत जीव खाली बसला, आडवा झाला, आणि काच काळी पडली. ठमीच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. पण पुढच्याच क्षणी काच उजळली. समुद्राकाठी एक अंडं होतं. ते फुटलं, आणि त्यातून तोच जीव निघाला. तेच चार पाय, तोच मातीचा रंग, पाठीवर तोच डोळा.

"हा परत आला?"

"गेममधी येतो परत," दीपा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "गेममधी उपाशी मारला तरी परत येतो."

ठमीनं मोबाईल खाली ठेवला.

"आन् नवं न करता खाल्लं तरी त्याला काय होत नाय," दीपा पुढं म्हणाली. "तू खाऊ दिलं असतंस तं तो मेलाच नसता. पण तुला तो मेलेला चालतो, खाल्लेला नाय चालत."

"मी असं नाय बोलले."

"नाय बोललीस. तू दोनच शब्द बोललीस. वेलाची काकडी. दोन वर्षं ते दोन शब्द मी रोज ऐकते, आये. ह्या बोईसरच्या बाजारात काकडी बारा महिने येते. नवी कुठली, जुनी कुठली, कुणाला ठाव? इथल्या हजार बाया खातात. त्यांची पोरं शाळेत जातात."

"त्यांची रीत त्यांच्याजवळ."

"आन् माझं पोर? ते रीतीनं गेलं?"

ठमी उठली. कुणी कोंडीत पकडलं की ती उठते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. तिनं पायात चपला घातल्या. दीपानं भिंतीकडं तोंड केलं. "जा," ती भिंतीला म्हणाली. "तुझं नवं आलंय ना. मी बघते माझं."

जिन्यात अर्चना कपडे घेऊन वर येत होती. ठमी म्हणाली, "जरा पोरीजवळ बस," आणि थांबली नाही. "मावशी, कुठं एवढ्या तरातरा?" हे तिच्या पाठीला ऐकू आलं.

ती सालवडमधून निघाली. टेंपो, मालट्रका, सायकलवरून डबा घेऊन जाणारे कामगार, हिंदीत कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. ती सगळ्यांमधून सरळ गेली. गटाराचं पाणी एका जागी निळसर वाहत होतं, तिनं लुगडं उचलून ते ओलांडलं. रिक्षावाल्यानं हात केला, तिनं बघितलं नाही. रेल्वे ओलांडून ती पूर्वेला आली तेव्हा नागझरीकडं जाणारी टमटम भरत होती. आमच्या बाजूची माणसं, आमच्या बाजूचं बोलणं. ती मागच्या बाकावर शिरली. गाडी भरली की निघते. दोन माणसं कमी होती. ड्रायव्हर तंबाखू मळत उभा.

तेवढ्यात तिचा साधा मोबाईल वाजला. रामा होता.

"वयनी, परवा नवं धरलंय. निघालीस का नाय?"

"निघाले. गाडीत बसलेय."

"दीपा कशी हाय?"

"पडून हाय."

"एकटी?"

गाडीत आणखी एक माणूस चढला. आता एकच कमी होता.

"रामा, एक इचारते. पाड्याबाहेर कुणाला नवं करायचं झालं तं कोण करतं?"

"जो मोठा असंल तो."

"मोठा पुरुष कुणीच नसंल तं?"

रामाला असले प्रश्न कुणी विचारत नाही. त्यानं नेहमीच्या थट्टेचा आधार घेतला. "मंग वावटळ करल. दुसरं कोण?" तो हसला. "का गं? तुला तिथं देव बसवायचाय का?"

ठमी हसली नाही. तिच्या डोळ्यांपुढं तो लांब पायांचा जीव रानातून चालत होता, पट्टी लाल झालेली, आणि ती त्याला टेकडीमागून टेकडी फिरवत होती कुळातला मोठा शोधायला. त्याला चालवणारं बोट कुणाचं होतं, हे तिला टमटमच्या त्या बाकावर पहिल्यांदा दिसलं.

"रामा, तुमी करून घ्या. माझी वाट नको बघू."

"आँ? अगं पण..."

"इथलं मी करते."

"बाई करते का नवं?"

"आत्ताच बोललास ना वावटळ करल म्हणून. आता फिरू नको."

ती उतरली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, आता निघतच होतो, एकच सीट बाकी." ती म्हणाली, "दोन झाल्या," आणि चालू लागली.

स्टेशनाच्या भिंतीशी मंगळी बसली होती, शेजारच्या पाड्यातली, टोपली घेऊन. शिराळी, भेंडी, आणि वर हळव्या भाताच्या लोंब्यांची जुडी. पुढं दसऱ्याला दाराला बांधायला लोक घेतात. मंगळीनं हाक मारली, "ठमी, इकडं कुठं? नव्याला नाय जायची?" ठमीनं लोंब्या उचलल्या, एक दाणा नखानं फोडून बघितला. आतलं दूध आटून पिवळेपणा धरलेला, पक्का व्हायला आलेला.

"तुमचं नवं झालं?"

"आमचं झालं. तवाच इकायला आणलं."

"मंग हे दे."

परतीच्या वाटेला ती तशीच भरभर चालली. मन शांत वगैरे झालं नव्हतं. पायांना अजून नागझरीची ओढ होती. प्रत्येक वळणावर ते मागं वळू बघत होते आणि ती त्यांना पुढं टाकत होती. आपण करतोय ते चालेल का, कणसरी बाईच्या हातचं घेईल का, घेतलं नाही तर ते कुणावर येईल. हा शेवटचा प्रश्न जिना चढतानाही तिच्याबरोबर होता.

अर्चना उठून गेली. दीपा उशाला पाठ लावून बसली होती, मोबाईल मांडीवर. डोळे सुजलेले. आई परत येईल असं तिला वाटलं नव्हतं, हे तिनं लपवलं नाही.

"तुझ्या जनावराला मी खायला घातलं," ती म्हणाली. "तुला न इचारता."

ठमी चपला काढत होती. "खाल्लं?"

"सगळं झाड खाल्लं त्यानं."

"आन् मंग? काय झालं त्याला?"

"काय नाय झालं. वाढला."

ठमी वाकलेली होती ती तशीच राहिली, एक चप्पल हातात. मग तिनं ती दुसरीशेजारी ठेवली.

"बरं केलंस," ती म्हणाली.

दीपानं वर बघितलं. ठमी मोरीत गेली, हातपाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला. स्टीलची ताटली पुसली. आमच्याकडं सागाच्या पानावर मांडतात. सालवडला साग कुठला. उगवतीकडं तोंड करायचं होतं, पण उगवतीला भिंत होती आणि भिंतीवर रूपेशचं कॅलेंडर. तिनं कॅलेंडरकडंच तोंड केलं. लोंब्या तळहातावर चोळल्या, फोल फुंकरीनं उडवलं, पाचसहा दाणे ताटलीत ठेवले, पाणी सोडलं. पुरुष म्हणतात ते सगळे बोल तिला येत नव्हते. तिनं ते लांबून ऐकले होते, स्वयंपाक करता करता. जेवढे आठवले तेवढे म्हणाली. आणि मग बोल संपले तरी ती थांबली नाही, आपल्याच शब्दांत पुढं गेली, मोठ्यानं, लेकीला ऐकू जाईल असं.

"कणसरी माते, इथं मोठी मीच. रामा नाय, बुधा नाय. बाईच्या हातचं हाय, तरी घे. ह्या पोरीनं आजवर जे काय नवं खाल्लं, वेलाचं का बाजारचं, ते मीच तिला खायला दिलं असं धर. माझ्या नावावर घाल. काय घ्यायचं ते माझ्याकडून घे. पोरीकडं येऊ नको, आन् तिच्या पोटातल्याकडं येऊ नको."

तिनं एक दाणा तोंडात टाकला आणि चावला. मोठ्या माणसानं पहिला खायचा असतो. मग ताटली घेऊन खाटेशी गेली.

दीपानं हात पुढं केला नाही. तिचा हात पोटावर होता. दोन वर्षं तीही भीतच होती. बाजारातल्या हजार बायांची गोष्ट आईला ऐकवण्यापुरती होती. नवा दाणा बघून तिचे ओठ घट्ट मिटले.

"आये, नाय झालं नीट तं?"

"तं मी हाय. बाळ होईस्तोवर हाय."

"तू ऱ्हाशील? ह्या खोलीत?"

"तुझ्या जिन्याची वाट लागंल. पण ऱ्हाईन."

दीपानं दाणा उचलला. जिभेवर ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला, आणि मग चावला. ठमी तिच्या गळ्याकडं बघत उभी होती, दाणा खाली उतरेपर्यंत.

संध्याकाळी रूपेश पाळी संपवून आला. केसांत सुताचा पांढरा भुगा, हातात डबा. दारातच ठमीनं त्याच्यापुढं ताटली धरली.

"हे काय मामी? कच्चं भात?"

"हात धुऊन ये आन् खा."

"कुकर बिघडला का?"

"दीपा, तुझ्या नवऱ्याला काय शिकवलं नाय तू," ठमी म्हणाली. रूपेशनं बायकोकडं बघितलं. दीपा मोबाईलमधे डोकं घालून होती. तिनं नुसती मान हलवली, खा म्हणून. तो मोरीकडं गेला. ठमी ताटली धरून दारात उभी राहिली, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत, तो येईपर्यंत.